वाळवंट सापडलं नाही

कोल्हापुरात राहून वाळवंटातल्या झुडपाच्या मागं लागलेय असं सांगितलं, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "का, आपल्याकडं झाडांचा दुष्काळ पडलाय काय?" प्रश्न रास्त आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पडतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. (शिरोळला पाऊस कमी आणि पूर जास्त, हा वेगळा विषय. २०१९ ज्यांनी तिथं काढलं त्यांना विचारा.) तर घाटमाथ्यापासून माळापर्यंत सगळे नमुने एका एसटीच्या तिकिटात बघायला मिळत असताना मी गेले कुठं, तर जोधपूरकडं. जैसलमेरच्या बाजूला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटर पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात, त्या मुलखात.

झुडूप केराचं. कॅपारिस डेसिड्युआ. आपल्याकडं सोलापूर-नगरच्या कोरड्या पट्ट्यात याला नेपती म्हणतात, आणि जुन्या संस्कृतात हाच करीर. करीराला पान फुटत नाही यात वसंताचा काय दोष, अशा अर्थाचं सुभाषित कधीतरी कानावरून गेलेलं असतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारीला यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते: करीराला पानं येतात. कोवळ्या फुटव्यावर अगदी बारीक येतात आणि काही आठवड्यांत गळून जातात. कवी बहुधा त्यानंतर पोचला. बाकी वर्षभर हे झुडूप म्हणजे नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता. प्रत्येक पेराशी दोन-दोन वाकडे काटे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गुंत्यावर विटकरी-लाल फुलं. पानाचं सगळं काम खोडच करतं. सालीखाली हिरव्या पेशींचा पातळ थर असतो, त्यावर मेणाचा जाड लेप, आणि मुळं कुठल्या कुठं खोल गेलेली.

पण मी त्याच्या मागं लागले ती काही सुभाषितामुळं नाही. कारण आहे वाघाटी. आषाढी एकादशी सोडायच्या दिवशी, द्वादशीला, वाघाटीच्या फळांची भाजी करायची रीत आपल्याकडं अजून बऱ्याच घरांत आहे. एरवी जिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही ती वाघाटी त्या एक-दोन दिवसांत कपिलतीर्थ मंडईत भाव खाऊन जाते. आईचा आग्रह असतो, म्हणून मीही दरवर्षी घासाघीस न करता घेते. ही वाघाटीसुद्धा कॅपारिसच, कॅपारिस झेलॅनिका. म्हणजे केर आणि वाघाटी एकाच प्रजातीतल्या दोन जाती, सख्ख्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या. एक पावसाळी कुंपणावर भरगच्च पानांनी चढलेली, दुसरी वाळूत पानं टाकून उभी. दोघींची फळं कडवट, आणि दोन्हीकडच्या बायकांनी तो कडवटपणा घालवायच्या युक्त्या शोधलेल्या. राजस्थानात केराची हिरवी फळं कित्येक दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवतात, मग सांगरीबरोबर (खेजडीच्या शेंगा) भाजी नाहीतर मोहरी घालून लोणचं. मोहरी तिथं फार शोभते, कारण कुळानं ती या झुडपाची शेजारीण आहे. मोहरीचा झणका ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळं येतो, त्याच घराण्यातली द्रव्यं केरातही असतात.

या दोन बहिणींकडं बघून एक सरळ प्रश्न पडला. झाड हिरवं असतं ते हरितलवकामुळं, आणि हरितलवकाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो. मग ज्या झाडानं पानं टाकून दिली आणि हिरवेपणा खोडात नेला, त्याच्या हरितलवकाच्या डीएनएत वाळवंटाची काही खूण दिसेल का?

हरितलवकाला स्वतःचा डीएनए का, हे आधी सांगायला हवं. शंभर कोटी वर्षांच्याही आधी एका पेशीनं एक नीलहरित जिवाणू आत घेतला आणि तो पचवला नाही. हा तर्क रशियन शास्त्रज्ञ मेरेझकोव्हस्कीनं १९०५मध्ये मांडला होता. तो बराच काळ बाजूला पडून राहिला, आणि १९६७मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तो नव्या पुराव्यांनिशी पुन्हा उभा केला. आत आलेल्या जिवाणूजवळ हजारो जनुकं असणार. आजच्या त्याच्या भाऊबंदांकडं तेवढी असतात. हळूहळू त्यातली बहुतेक जनुकं पेशीच्या केंद्रकात गेली. सात-बाऱ्यावर नाव केंद्रकाचं चढलं आणि हा पाहुणा कसत राहिला. आज हरितलवकाला लागणारी दोन-तीन हजार प्रथिनं बाहेर तयार होऊन आत येतात. त्याच्या स्वतःच्या वर्तुळाकार डीएनएत उरलीत जेमतेम ऐंशी प्रथिनांची जनुकं, अधिक प्रथिनं बनवायच्या यंत्रणेची तीस-पस्तीस. सगळं मिळून दीड लाखाच्या आसपास अक्षरं. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटी आहेत, त्या मानानं हे चिठोरंच. म्हणून तर ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येतं.

फुलझाडांत हे चिठोरं पहिल्यांदा पूर्ण वाचलं गेलं ते तंबाखूचं. १९८६मध्ये, जपानात नागोया विद्यापीठात, मासाहिरो सुगिउरा यांच्या गटानं. १,५५,८४४ अक्षरं. त्याच वर्षी क्योतोमध्ये मार्कँशिया या बिनफुलांच्या वनस्पतीचंही वाचून झालं, तेच मार्कँशिया ज्याच्या आकृत्या काढून बीएस्सीची पोरं वैतागतात. तंबाखूचं वर्गात सांगितलं की एकदम लक्ष जागं होतं, कारण निपाणी इथून महामार्गानं तासाभराच्या आत आणि निम्म्या वर्गाच्या घरी कुणी ना कुणी तंबाखूच्या वखारीत काम केलेलं. त्यानंतर १९९९मध्ये मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसचं आलं, १,५४,४७८ अक्षरं. २००४मध्ये उसाचं, १,४१,१८२. ऊस आखूड का, तर गवताच्या अख्ख्या कुळानं हरितलवकातली दोन-तीन मोठी जनुकं वाटेत कुठंतरी सोडून दिली. त्यावाचून उसाचं काही अडलं नाही हे मी कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आता तर हरितलवकाचे जनुकसंच हजारोंनी जमा झालेत. खरं सांगायचं तर यातले पुष्कळ शोधनिबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात: झाडाचं नाव बदला, वर्तुळाचं चित्र बदला, तक्ते तेच. पदोन्नतीला निबंध लागतात, त्याला कुणाचा इलाज नाही. पण प्रश्न हातात असला तर हेच काम रंगतं.

जोधपूरच्या बाजूला गावागावाला ओरण असते, आपल्या देवराईसारखी राखीव. तिथं केराची जुनी, माणसाहून उंच झुडपं आहेत, पण ओरणातल्या हिरव्या फांदीला हात लावायचा नाही. आम्ही लावलाही नाही. शेताच्या बांधावरच्या एका झुडपाच्या काड्या मालकाला विचारून कापल्या आणि सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांत घालून आणल्या. मालकाला आमच्या कामापेक्षा आम्ही एवढ्या काड्या नेऊन फळं मात्र नेत नाही याचं जास्त नवल वाटलं. शेवटी वाळवलेल्या केरांची एक पिशवी त्यानं दिलीच.

खरी परीक्षा इथं प्रयोगशाळेत सुरू झाली. कोवळ्या पानातून डीएनए काढणं सोपं असतं. इथं पानच नाही. माझी विद्यार्थिनी शिरोळ तालुक्यातली, घरचा ऊस, हाताला कामाची सवय. तिनं ब्लेडनं काडीची हिरवी साल तासायला घेतली. मेणाचा थर ब्लेडखाली पांढरट भुश्यासारखा निघतो, त्याच्या खाली हिरवा थर नखाइतकाही जाड नाही, आणि लगेच पांढरं लाकूड. लाकूड आलं की टाकायचं. सकाळभर तासून वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढा हिरवा चुरा. तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटायचा. नायट्रोजनची आपल्याकडं एक सोय आहे ती मोठ्या शहरातल्या लोकांना सांगूनही पटत नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य उणे १९६ अंशांत ठेवतात, त्यामुळं दुधाच्या या जिल्ह्यात द्रवरूप नायट्रोजनची माहिती असलेला माणूस दर चार गावांमागं भेटतो. आमचा डबा भरून देणाऱ्यानं विचारलं, "कंची जात हाय?" मी म्हटलं, राजस्थानी. त्यानं मान हलवली. थारपारकर गाय त्याला ठाऊक होती.

कुटलेला चुरा सीटॅबच्या, म्हणजे पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या रसायनाच्या, गरम द्रावणात टाकला, त्यात मर्कॅप्टोइथॅनॉल. हे रसायन उघडलं की मजल्यावर सगळ्यांना कळतं, कुजक्या अंड्याचा वास. क्लोरोफॉर्म घालून फिरवलं, वरचा थर वेगळा काढला, आयसोप्रोपॅनॉल ओतलं. अशा वेळी नळीत पांढरे धागे तरंगायला हवेत. आमच्या नळीत तपकिरी जेली जमली. वाळवंटी झाडं पाणी धरून ठेवायला चिकट शर्करा साठवतात, आणि खाणाऱ्याला दूर ठेवायला फिनॉलं. या दोन्ही गोष्टी डीएनएला मिठी मारून बसतात. जी शिदोरी झाडाला जगवते तीच आमचं काम अडवते. "मॅडम, मी परत करतो," पोरगी म्हणाली, आणि करत राहिली. शेवटी चुरा आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणानं धुऊन घेतला, मीठ वाढवलं, फिनॉल शोषायला पीव्हीपी घातलं. मग नळीत धागे आले. पांढरेशुभ्र नव्हते, पण डीएनए तपासायच्या जेलवर नीट पट्टा दिसला.

पुढचं वाचन बाहेरच्या शहरातल्या यंत्रावर. परत येतात ते दीडदीडशे अक्षरांचे लाखो तुकडे, त्यात केंद्रकाचे, मायटोकॉण्ड्रियाचे, हरितलवकाचे सगळे मिसळलेले. पण हिरव्या पेशीत केंद्रकाच्या डीएनएच्या दोन प्रती असतात तेव्हा हरितलवकाच्या हजारभर असू शकतात, म्हणून त्याचे तुकडे ढिगात उठून दिसतात. संगणकाला एक ओळखीचं जनुक दिलं की तो त्याला दोन्ही टोकांनी जुळणारे तुकडे लावत जातो, आणि सगळं सुरळीत असेल तर फिरून सुरुवातीला येऊन वर्तुळ पुरं होतं.

वर्तुळ पुरं झालं त्या दिवशी पोरगी पडेल चेहऱ्यानं आली. एक भाग उलटा आला होता. हरितलवकाच्या वर्तुळाचे चार भाग असतात: एक मोठा, एक लहान, आणि या दोघांच्या मधे दोन्ही बाजूंना एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन तुकडे. आमचा लहान भाग जेनबँक या डीएनएच्या खुल्या संग्रहातल्या नमुन्याच्या उलट दिशेला होता. तिला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. पण काहीच बिघडलेलं नव्हतं. जेफ्री पामर यांनी १९८३मध्ये घेवड्याच्या हरितलवकात दाखवलंय की एकाच झाडात हा भाग सुलटा आणि उलटा, दोन्ही प्रकारांनी, जवळपास निम्मानिम्मा असतो. संगणक त्यातला कुठला दाखवेल ते त्याच्या मर्जीवर. तिनं तो निबंध घरी नेऊन वाचला. दुसऱ्या दिवशी इतर पोरांना असं ऐकवत होती जणू पामर तिच्याच गल्लीत राहतात.

आता मूळ प्रश्न, वाळवंटाचा. राजस्थानातल्या दुपारी केराच्या खोडावर ऊन कोसळत असतं आणि पाणी वाचवायला रंध्रं मिटलेली असतात. कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, साखर बनत नाही, पण प्रकाश थांबवता येत नाही. हा जास्तीचा प्रकाश सगळ्यात आधी ज्या प्रथिनाला मोडतो त्याचं नाव डी-वन. पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेच्या अगदी गाभ्यात ते बसलेलं असतं. कडक उन्हात ते तासाभराच्या आत निकामी होतं, काढून टाकलं जातं आणि त्याच्या जागी नवं बसवलं जातं. दिवसभर, रोज. हे फक्त वाळवंटातच होतं असं नाही, उसाच्या पातीतही होतं. पण पानं नसलेल्या, सावली नसलेल्या केराला त्याची धार जास्त.

या डी-वनचं जनुक, पीएसबीए, केंद्रकात गेलेलं नाही. ते हरितलवकातच राहिलंय. जॉन अ‍ॅलन यांनी १९९३मध्ये मांडलेला तर्क असा की काही जनुकं मुद्दामच मागं राहिली असावीत: जिथं बिघाड होतो तिथंच, त्या क्षणाच्या गरजेप्रमाणं प्रथिन बनवता यावं म्हणून. या तर्कावर मतभेद आहेत. मला तो पटतो, आणि केराच्या खोडाकडं बघताना जास्तच पटतो.

म्हणून वाटलं होतं, काही दिसायचं असेल तर पीएसबीएमध्ये दिसेल. उन्हाला जरा जास्त टिकणारा, वाळवंटी घडणीचा डी-वन. त्यात ३५३ अमिनो आम्लं असतात. आम्ही केराचा डी-वन तंबाखूच्या, अ‍ॅराबिडॉप्सिसच्या आणि उसाच्या शेजारी मांडला. चारही ओळी जवळपास अक्षरशः एक. कुठं एखादं अक्षर हललेलं, तेही जिथं फरक पडत नाही अशा जागी. बाकीच्या जनुकांतही तेच. फरक होते ते बहुतेक दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत, आणि ते नातं सांगत होते, हवामान नाही. केराची ओळख त्यातून पटते, कूळ पटतं, मोहरीशी शेजार कळतो. वाळवंट कळत नाही.

पोरगी हिरमुसली. मी नाही. झाडानं पान टाकलं, काटे काढले, मेण चढवलं, मुळं लांबवली, चिकट शर्करा साठवल्या. हे सगळं ठरतं केंद्रकात. आतल्या या जुन्या जिवाणूच्या कामाला मात्र त्यानं हात लावलेला नाही. त्याच्यासाठी सगळी व्यवस्था अशी की त्याला कोल्हापूर काय आणि जैसलमेर काय. मोडलेला डी-वन बदलत राहायचा, एवढंच त्याला माहीत.

याला अपवाद आहेत हेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी सॅग्वारो दाखवेल. अमेरिकेतल्या वाळवंटातला हा खांबासारखा निवडुंग. २०१५मध्ये त्याचं हरितलवक वाचलं तर जेमतेम १ लाख १३ हजार अक्षरांचं निघालं. आरशासारखा दुसरा तुकडाच नाही आणि एनडीएच नावाच्या जनुकांचा आख्खा संचही गायब. झालं, वाळवंटाची खूण सापडली म्हणावं, तर आपल्या कुंपणावरच्या अमरवेलीनंही तोच संच टाकलाय, आणि तिचा वाळवंटाशी काही संबंध नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. म्हणून एकट्या सॅग्वारोवरून वाळवंटाच्या नावानं पावती फाडायला मी तयार नाही.

पोरीचे वडील एकदा तिला न्यायला आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "पोरगी सांगती, राजस्थानच्या काटक्या तासताय म्हणं. त्यात आमच्या कामाचं काय गावलं का?" मी विचारलं, उसात तण उगवू नये म्हणून काय मारता? "अ‍ॅट्राझिन," ते लगेच म्हणाले, "लागण झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी." तर ते अ‍ॅट्राझिन बसतं याच डी-वनच्या एका खाचेत. खाच बंद झाली की पुढचा विजेचा प्रवाह थांबतो आणि तण उन्हातच जळतं. उसाची खाचही तशीच आहे, पण ऊस औषध तिथं पोचायच्या आत त्याला ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडून निकामी करतो. हे कामही केंद्रकाच्या जनुकांचं. १९७०च्या सुमारास अमेरिकेत या औषधाला दाद न देणारी तणं दिसायला लागली. १९८३मध्ये माठाच्या जातीतल्या एका तणात त्याचं कारण सापडलं: डी-वनमधलं २६४वं अमिनो आम्ल बदललेलं. सेरीनच्या जागी ग्लायसीन. पीएसबीएमधलं एक अक्षर. आणि हरितलवक बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतं, म्हणून ते तण ती खोड मुलीबाळींना सरसकट देतं.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे एकच औषध वर्साला मारत ऱ्हायलं तर ह्ये असं हुनार." मी म्हटलं, होऊ शकतं. त्या बदलाची तणाला किंमतही मोजावी लागते, औषध नसेल तिथं ते साध्या तणापेक्षा बहुतेक वेळा मागं पडतं. "मंग आलटून पालटून मारायला पायजे," ते म्हणाले, आणि पोरीकडं बघून, "ह्ये तू सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही इचारलं कुठं?"

आता तिला वाघाटी वाचायची आहे. वर्षभर ती हेच म्हणतेय की केर एकटा वाचून उपयोग नाही, बहीण शेजारी ठेवायला हवी, आणि तिचं बरोबर आहे. फरक मोकळ्या पट्ट्यांतच निघतील असा माझा अंदाज. ती म्हणते, काहीतरी निघेलच. जागा बघून ठेवलीय, गगनबावड्याच्या रस्त्याला एका कुंपणावरची वेल. कोवळी पानं पावसाच्या सुरुवातीला घ्यायची, द्वादशीच्या आधी, कारण त्यानंतर फळांसाठी लोक वेल ओरबाडून ठेवतात. पानं भरपूर, म्हणजे साल तासायला नको. काटे मात्र केरापेक्षा वाईट आहेत, चांगले वाकडे. प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे तिथं चालणार नाहीत. तिच्या वडिलांकडं पाला काढायचे जाड हातमोजे आहेत, ते आणायला सांगितलंय.